जिथं लागतं तिथं लोक थांबतात

सणसवाडीत एका जिमच्या उद्घाटनाला माझ्या धाकट्या, बॉक्सिंग खेळणाऱ्या बहिणीला बोलावलं होतं. फीत कापून झाली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि मग फोटोसाठी रांग लागली. रांगेत बहुतेक आसपासच्या कंपन्यांमधले कामगार होते. पहिली शिफ्ट संपवून थेट आलेले, कितीतरी जणांच्या अंगावर अजून कंपनीचाच शर्ट. फोटोची पद्धत ठरलेली होती. बहिणीनं मूठ समोरच्याच्या गालाला टेकवायची, त्यानं तोंड वाकडं करायचं, सगळ्यांनी हसायचं, आणि पुढचा. पंधरा-वीस जण झाल्यावर एक किडकिडीत तरुण पुढं आला. केस तेल लावून चापून बसवलेले. त्यानं फोन मित्राकडे दिला आणि हात जोडून म्हणाला, "दीदी, टिकाना नहीं. सच में मारो. निशान रहना चाहिए."

बहीण हसली. "सच में मारूंगी तो कल ड्यूटी पे नहीं जा पाओगे, भाऊ."

"चलेगा दीदी. छुट्टी ले लूंगा."

तो चेष्टा करत नव्हता. डोळे मिटून, मान ताठ करून उभाच राहिला. शेवटी बहिणीनं त्याच्या दंडावर एक ठोसा दिला, फार जोरात नाही पण अगदी हलकाही नाही. तो दंड चोळत, मित्रांना दाखवत, लग्नाच्या वरातीतून चालल्यासारखा गेला. मी बाजूला तिची बॅग, शाल आणि नारळ सांभाळत उभी होते. तेव्हा मलाही हसू आलं. पण परतीच्या रस्त्यावर गाडी चालवताना त्याचा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा सारखा समोर यायला लागला, आणि ते दौंड आलं तरी थांबलं नाही. कशामुळे ते मला कळलं नाही. कळायला त्यानंतर जवळजवळ वर्ष गेलं.

मी कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. बहीण माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. वडील रेल्वेत होते, त्यामुळे आमचं सगळं बालपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. ती सहावीत असताना तिला ट्यूशनवरून घरी आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि कॉलेजातून सुटून पोचायला मला रोज उशीर व्हायचा. ट्यूशनच्या शेजारी पत्र्याचा एक जुना हॉल होता. तिथं रेल्वेतून रिटायर झालेले एक सर मुलांना बॉक्सिंग शिकवायचे. मी येईपर्यंत ही दारात उभी राहून बघायची. महिन्याभरानं मी गेले तर ती दारात नव्हती. आत होती, हातात स्वतःच्या मापापेक्षा मोठे ग्लोव्हज. सर मला म्हणाले, "तुम्ही अजून अर्धा तास उशिरा आला तरी चालंल."

सरांची शिकवायची एक रीत होती. रुमालाची घडी घालून ती मुलीच्या मुठीच्या आणि गालाच्या मध्ये ठेवायचे. ठोसा मारा, सरका, वाका, काहीही करा, पण दुसऱ्या हाताखालचा रुमाल खाली पडता कामा नये. पडला की हॉलला वीस फेऱ्या. "गाल झाक!" हे त्यांचं दिवसभराचं ओरडणं. बहिणीनं त्या हॉलला किती फेऱ्या मारल्या असतील, सांगता येणार नाही. पण नंतर नंतर तिचा रुमाल पडायचा बंद झाला. राज्याची पदकं आली, मग राष्ट्रीय. पेपरात फोटो आले, शाळेत सत्कार झाला. तरी स्टेशनबाहेरचा रिक्षावाला तिला ओळखत नव्हता.

ओळखायला लागला तो पुण्यातल्या एका लढतीनंतर. ती तिची पैशासाठी खेळायची दुसरीच वेळ होती, मोबाईलवर लाइव्ह दिसणारी. समोरची मुलगी हरियाणाची, उंच. दुसऱ्या राउंडला बहिणीची भुवई फुटली. गालावरून रक्त ओघळत असताना ती जिंकली. मुलाखत घेणाऱ्यानं माइक पुढं करून विचारलं, "इतना खून आ रहा है, कैसा लग रहा है?"

बहिणीनं दातांवरचा रबरी गमशील्ड काढला. दातांवर लाल रेघ होती. ती सरळ मराठीत म्हणाली, "त्यात काय एवढं? आमच्या आईनं फेकल्यालं लाटणं ह्याच्यापेक्षा जोरात लागतंय."

हे मी रिंगच्या खालून माझ्या फोनवर घेतलं होतं. घरी परत येताना रेल्वेत बसून तेवढाच तुकडा कापून तिच्या खात्यावर टाकला. दौंड यायच्या आत तो आम्ही ज्यांना ओळखत नव्हतो अशा लोकांकडून आमच्याकडेच परत यायला लागला.

आई महिनाभर चिडलेली होती. "मी कवा गं फेकलं लाटणं? सगळ्या दौंडला काय वाटंल?" आणि ते खरंच होतं, आईनं आम्हाला कधी चापटसुद्धा मारली नव्हती. पण पौर्णिमेला विहारात गेली की बायका तिच्यापासून हात-दोन हात लांब सरकून बसायच्या आणि हसायच्या. सत्काराला लोक शालीबरोबर लाटणं द्यायला लागले. सागवानी, पितळी, एकानं तर नाव कोरून दिलेलं. घरात लाटण्यांची एक गोणी झाली. वडिलांना या सगळ्याचं कौतुक होतं. दारात उभं राहून "जयभीम, या, या" करत ते प्रत्येकाला आत घ्यायचे. पण लढत त्यांनी एकही बघितली नाही. सुरू झाली की ते चप्पल घालून स्टेशनकडे चालायला लागायचे. संपली की आम्ही फोन करायचो.

लढती ठरवणारे एक मॅनेजर पुण्याहून यायला लागले. सभ्य माणूस, हळू बोलणारा. आमच्या बैठकीत चहा पीत त्यांनी एकदा मला समजावून सांगितलं होतं, "मॅडम, जिंकणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. लोक जिंकलेलं विसरतात. हिला लागताना लोक बघतात, आणि लागल्यावर ही काय करते ते बघायला पुन्हा येतात. ही पडत नाही आणि बोलते. एवढं टिकवा, बाकी मी बघतो."

तिचा फोन माझ्याकडे होता. म्हणजे फोन तिचाच, पण खातं मी चालवायचे, कारण तिला सरावातून वेळ नसायचा आणि मला ते जमायचं. लॅबमध्ये फोन न्यायला बंदी. त्यामुळे कॅन्टीनची सुट्टी झाली की मी डबा उघडायच्या आधी लॉकरकडे धावायचे. कोणत्या व्हिडिओवर लोक थांबले, कोणता सरकवून पुढं गेले, हे सगळं तिथं दिसायचं. ती सराव करतानाचे, रुमालवाले, सरांबरोबरचे व्हिडिओ फारसं कोणी बघत नव्हतं. ती चुकवते, वाकते, समोरचीचा ठोसा हवेत जातो, असं काही असलं तर लोक दोन सेकंदांत निघून जायचे. पण तिचं डोकं मागं फेकलं जातं, घामाचे थेंब उडतात, ती एक पाऊल डगमगते आणि मग दात दाखवून पुढं येते, तिथं सगळे थांबायचे. परत परत बघायचे.

मग मी तेच कापायला शिकले. ठोसा लागायच्या आधीचा अर्धा सेकंद, लागतानाचा क्षण अगदी संथ, त्याच्यावर ढोल, मग तिचं हसू. मी हे मन लावून करायचे. कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून माझ्या सख्ख्या बहिणीच्या गालावर ठोसा नेमका कुठल्या क्षणी बसला ते मी बोटानं मागं-पुढं करून शोधायचे. सापडला की बरं वाटायचं. बरं वाटायचं हे खोटं नाही.

तळेगाव ढमढेऱ्याला एका पतसंस्थेच्या कार्यक्रमाला गेलो होतो त्या दिवशी तिथं आठवडे बाजार होता. कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली, बाजारातून चालत जाऊ. भाजीवाल्या बायका तिला ओळखून हाका मारत होत्या. एकीनं कोथिंबिरीची जुडी पुढं केली. बहिणीनं हात लांबवला आणि तो जुडीच्या वीतभर बाजूला गेला. दुसऱ्यांदा तिनं ती बरोबर घेतली. मग ती सारखा उजव्या डोळ्यासमोर हात हलवायला लागली.

"काय गं?"

"माशी. केव्हाची मागं लागलीय."

बाजारात माशा असतातच. माझं तिकडं लक्ष गेलं नाही. दोन दिवसांनी ती आमच्या गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारत होती. स्वच्छ ऊन पडलेलं, वारा सुटलेला, आसपास काही नाही. ती थांबली आणि पुन्हा तसाच हात हलवला. मी कपडे वाळत घालत होते. हातातली चादर तशीच ठेवून मी तिच्याजवळ गेले.

"कुठंय माशी?"

ती दोरी गुंडाळायला लागली.

"कधीपासून दिसतीय तुला ही माशी?"

"मागच्या लढतीपास्नं," ती म्हणाली. "आन् कडंला जरा अंधार वाटतोय. पडदा वढल्यावानी. आईला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. थेंब घातले, तास-दीड तास बसवलं, मग डॉक्टर बाईंनी कपाळावर दिवा लावून बराच वेळ आत बघितलं. म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याला चीर गेलीय, आजच लेझर करून घ्यावं लागेल, उद्यावर टाकलं तर पडदा सुटेल. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"बॉक्सिंग."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "डोक्याला धक्का नको. चार महिने तर अजिबात नको. पुढचं तपासून बोलू."

लेझर झाल्यावर बाहेर आलो तर रिसेप्शनवरच्या मुलीनं फोटो मागितला. बहिणीच्या डोळ्यात थेंब, बाहुली मोठी झालेली, समोरचं धड दिसत नाही. तरी तिनं मूठ वर केली. मुलगी तिच्या मुठीखाली जाऊन उभी राहिली.

त्या वेळी शिरूरची लढत तीन आठवड्यांवर आली होती. एका युवक मंडळानं कॉलेजच्या मैदानावर प्रदर्शनाची लढत ठेवली होती, रिंग पुण्याहून येणार होती. गावभर फ्लेक्स लागले होते. फोटो तोच, भुवई फुटलेला. मॅनेजरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "आत्ताच काही जाहीर करू नका. लोकांना आजारी माणूस आवडत नाही. तोवर जुने सरावाचे व्हिडिओ टाकत राहा." बहिणीचंही तेच. "ताई, तू टाकत राहा. लोक लगेच इसरत्यात."

मी टाकत राहिले. ती घरात पडद्याआड काळा चष्मा लावून बसलेली, आणि फोनवर ती बॅगवर ठोसे मारतेय. खाली लोक 'वाघीण' लिहीत होते, आगीची चित्रं टाकत होते. एका बाईनं लिहिलं होतं, तुमच्यामुळे मी रोज पहाटे उठून पळायला जाते. ते वाचून मी फोन उपडा ठेवला. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना उठायचे, बोलता बोलता उठायचे. लॅबमध्ये एका सॅम्पलवर दुसऱ्या बॅचचं लेबल लावलं. आमच्या सेक्शनच्या साहेबांनी वेळेत पकडलं म्हणून बरं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, नऊ वर्षांत तुमची एक चूक नाही. घरी काय झालंय का?" मी नाही म्हणाले.

शिरूरचं आमचं ठरलं होतं ते असं, की जायचं, सत्काराचा हार घ्यायचा, पाय मुरगळलाय म्हणून सांगायचं आणि परत यायचं. गाडी मी चालवत होते. पारगावचा पूल ओलांडला तेव्हा ती म्हणाली, "दोन राउंड हलकं खेळीन म्हणते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पोरगी श्रीगोंद्याची हाय, एकोणीस वर्षांची. तिला आधीच सांगते, डोक्यात मारू नको म्हणून."

"आणि चुकून लागलं तर?"

"न्हाई लागत."

"तुला नाही लागत? तुझे हात कायम खाली असतात!"

न्हावऱ्याजवळ उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर आडवा अडकला होता. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या होत्या. मी इंजिन बंद केलं. आणि मग कॅन्टीनमधलं ते सगळं मी तिला सांगून टाकलं. कोणता व्हिडिओ चालतो, मी कुठून कापते, लागायच्या क्षणासाठी कसं मागं-पुढं करते. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल. मी तयार होते.

ती खिडकीतून उसाकडं बघत होती. "मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"कुठला चालतोय ते. खातं माझंच हाय ना? मी पण बघते की. तवापासनं तर हात खाली ठेवायला लागले." तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडं वळली. "तुला काय वाटलं, सरांनी शिकवल्यालं इसरले व्हय मी?"

सणसवाडीचा तो डोळे मिटून, मान ताठ करून उभा राहिलेला पोरगा मला आठवला. ट्रॅक्टर केव्हा हलला तेही कळलं नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा तीच म्हणाली, "ताई, गाडी चालू कर."

मैदान भरलं होतं. चार-साडेचारचं ऊन, कडेला भेळेच्या गाड्या, शाळेच्या मुली गणवेशात आणलेल्या. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे साठीतले एक बागायतदार, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. त्यांनी स्वतः येऊन गाडीचं दार उघडलं. बहीण कपडे बदलायला म्हणून तंबूत गेली. ती हाताला खेळायच्या पट्ट्या बांधताना दिसली, तशी मी आप्पांना शोधत गेले.

"आप्पा, तिला खेळता येणार नाही. डोळ्याचं लेझर झालंय. डॉक्टरांनी मनाई केलीय."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आन् हे आत्ता सांगताय तुम्ही, ताई? एवढ्या लोकांना मी आता काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मला माइक द्या."

मी आजवर कधी व्यासपीठावर चढले नव्हते. माझं काम खाली उभं राहून बॅग धरायचं. रिंगच्या दोरीतून आत शिरताना माझी ओढणी अडकली आणि लोक हसले. त्यांना वाटलं मी सूत्रसंचालन करणारी. खालून पोरं "लाटणं! लाटणं!" ओरडत होती. मी सांगितलं ते फार लांबलचक नव्हतं. मी हिची बहीण आहे, हिच्या डोळ्याचा पडदा फाटलाय, गेले तीन आठवडे तुम्ही फोनवर जे बघताय ते जुनं आहे, ते मी टाकलंय, ती आज खेळणार नाही. माझा आवाज कर्ण्यातून मलाच परका ऐकू येत होता.

मग मागून कोणीतरी शिट्टी मारली. "मग बोलावलं कशाला?" "घाबरली काय?" शाळेच्या मुली एकमेकींकडं बघत होत्या. श्रीगोंद्याची मुलगी रिंगच्या कोपऱ्यात ग्लोव्हज घालून उभी होती, आणि तिची आई खालून तिच्याकडं बघत होती. ती एवढ्या लांबून आली होती आणि तिच्याकडं कोणाचंच लक्ष नव्हतं.

बहीण तंबूतून आली ती तरातरा. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. माझ्या हातातून माइक काढून घेतला, आप्पांच्या हातात दिला, आणि कोपऱ्यातून सरावाचे चपटे पॅड उचलून दोन्ही हातांत चढवले. श्रीगोंद्याच्या मुलीपुढं जाऊन उभी राहिली. "मार."

मुलगी घाबरून बघत राहिली.

"आगं, पॅडवर मार. मी न्हाई चावत."

मुलीनं एक ठोसा मारला. मग दुसरा. पॅडचा फटाफट आवाज यायला लागला. बहीण ओरडत होती, माइक नसताना मैदानाच्या कडेपर्यंत ऐकू जाईल असं. "गाल झाक! आगं, त्यो डावा हात काय बाजारला गेलाय व्हय? वर घे! हां, आता कसं!" पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. मैदानाचा मागचा भाग हळूहळू रिकामा झाला, मोटारसायकली सुरू झाल्याचे आवाज आले. पुढचा भाग मात्र बसून राहिला. श्रीगोंद्याची मुलगी घामाघूम झाली, पण शेवटी शेवटी तिचा हात कसा सुटत होता ते माझ्यासारखीलाही कळत होतं. आप्पांनी स्वतःचा हार तिला घातला. तिची आई डोळे पुसत होती.

मी फोन बाहेर काढला नव्हता. दुसऱ्या कोणीतरी माझं बोलणं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच सगळीकडं फिरत होतं, वर लिहिलेलं, 'वाघिणीची झाली मांजर'.

नऊ दिवस बहीण माझ्याशी बोलली नाही. ताट पुढं सरकवायची, पण शब्द नाही. मॅनेजरांचे फोन यायचे थांबले. ठरलेली दोन उद्घाटनं दुसऱ्याच कोणाकडं गेली. त्याच आठवड्यात सर घरी आले. बशीत चहा ओतून त्यांनी तो गार होऊ दिला, मग मला म्हणाले, "तुम्ही सांगितलं ते बरं केलं. पण ते काम माझं होतं. उजवीकडनं ठोसा आला की तिला उशिरा दिसतोय हे मला दोन महिने कळत होतं. मी मनाला सांगितलं, वेग कमी झालाय. तिच्यामुळं हॉलला नवीन पत्रा बसला, पस्तीस पोरी यायला लागल्या. मला नको होतं कळायला." एवढं बोलून ते उठले. बहीण आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं असणार. दहाव्या दिवशी तिनं मला हाक मारली, "ताई, डोळ्यात थेंब टाकतीस का?"

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, लेझर चांगलं धरलंय, नजर राहील, पण खेळायला योग्य आहे असं मी लिहून देणार नाही. बहिणीनं दुसरीकडंही दाखवलं. तिथंही तेच उत्तर मिळालं. त्या दिवशी ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मी तिला तशी रडताना कधीच बघितली नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्यांपैकी कोणी तिला ओळखलं नाही.

आता ती रिंगच्या बाहेर बसून बोलते. मोबाईलवर लढती दाखवणाऱ्या त्याच पुण्याच्या लोकांनी तिला एकदा मराठीत समालोचन करून बघ म्हटलं. ती जशी घरात बोलते तशीच बोलली, आणि लोक परत आले. कदाचित पहिल्यापेक्षा जास्त. "आगं बाई, हात वर कर, हात वर कर, आई बघतीय घरी!" असं ती म्हणते आणि लोक तेच एकमेकांना पाठवतात. वडील आता लढत सुरू झाली की घरातच बसतात. कानाजवळ फोन धरून ऐकतात, पडद्याकडं न बघता.

मागच्या महिन्यात दुपारची शिफ्ट करायला कंपनीच्या बसनं जात होते. पुढच्या सीटवर पॅकिंगच्या दोघी फोन बघत होत्या. बहिणीचा आवाज होता. लढतीत एका मुलीचं नाक फुटलं होतं, आणि माझी बहीण ओरडत होती, "घे! आन् एक घे! ही न्हाई पडायची, ही न्हाई पडायची!" दोघी श्वास रोखून बघत होत्या. एक म्हणाली, "हिला ऐकलं का अंगावर काटा येतो बघ."

सुट्टीत मी तिला फोन केला. "तू काय बोललीस ते ऐकलं मी."

ती म्हणाली, "म्हाईत हाय ताई. तवा जीभ आपोआप पुढं जाती. नंतर घरी आल्यावर मलाच गोड लागत न्हाई."

"मग?"

"मग काय. पुढच्या खेपंला जीभ दातांत धरून बसते."

परवा त्या पुण्याच्या लोकांचा मला मेसेज आला. बहिणीच्या समालोचनाचे छोटे तुकडे कापून द्याल का, तुमच्याइतकं ते कोणाला जमत नाही. मी तो कॅन्टीनमध्ये वाचला. मेसेज अजून तिथंच आहे. मी रोज तो उघडते, डबा संपेपर्यंत बघत बसते, आणि लॉकर बंद करून पुन्हा लॅबमध्ये जाते.